अधांतरीची एक मात्रा

इंदूरहून बुऱ्हाणपूरला बसने जाणाऱ्या मंडळींत दोन पंथ आहेत. एक, शेवटच्या बाकासाठी धावणारा. आणि दुसरा, त्या बाकाचे नाव काढताच कमरेला हात लावणारा. पहिल्या पंथात बहुतेक दहा ते वीस वर्षांची मुले असतात, दुसऱ्यात त्यांचे आईवडील आणि आजीआजोबा. या दोघांचा वाद ज्या गोष्टीवरून आहे तिला मराठीत नीटसे नाव नाही. बस एखाद्या मोरीवरून भरधाव जाते, बाक खालून निसटते, क्षणभर आपण कशावरच बसलेले नसतो, पोटात काहीतरी हलके होऊन वर येते, आणि मग धप्पकन सारे जागेवर! ‘पोटात गोळा आला’ म्हणावे तर तो भीतीचा शब्द झाला. ‘उडालो’ म्हणावे तर ते पाखरांचे काम. मोठमोठ्या उद्यानांत रोलर कोस्टर नावाची जी उंचसखल रुळांवरची गाडी असते, तिच्यात बसण्यासाठी लोक रांगा लावतात आणि पैसे मोजतात ते नेमके याच क्षणासाठी. आमच्या निमाडच्या रस्त्यावर तो तिकिटातच मिळतो, मागितला नाही तरी मिळतो.

मी गाण्याचा मास्तर. महिन्यातून दोनदा शिकवणीच्या निमित्ताने या वाटेने जाणे होते. पाच-साडेपाच तासांचा प्रवास. वाचावे तर अक्षरे नाचतात, झोपावे तर शेजारी बोलतो. अशा वेळी माणूस मात्रा मोजीत बसतो. त्या मोजण्यातूनच या अधांतरी क्षणाचा थोडा हिशेब लागला, तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

रस्ता वाचकांपैकी पुष्कळांना पाठ असेल. सिमरोल सोडले की घाट, मग बडवाह, मोरटक्क्याला नर्मदा, सनावद, खंडवा. आणि खंडव्यापुढे सातपुडा ओलांडताना उजव्या हाताला असीरगड. तेथून उतरले की तापीचे खोरे आणि वीस-बावीस किलोमीटरांवर बुऱ्हाणपूर. घाटातल्या वळणांनी पोट ढवळते, पण अधांतरी करणारा प्रसंग घाटात क्वचित येतो. कारण तेथे बस हळू चालते. तो येतो खाली, सपाटीवर, जेथे ड्रायव्हरला वाटते की आता रस्ता मोकळा आहे.

याचे मूळ जमिनीत आहे. या भागातली पुष्कळ जमीन काळी, कपाशीची आणि केळीची. पावसात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर टाकलेला रस्ता तिच्याबरोबर वरखाली होत राहतो. पण ओढ्यानाल्यांवरच्या मोऱ्या आणि पूल खोल पायावर उभे असतात. ते सहसा हलत नाहीत. त्यांच्या दोन्ही अंगांना घातलेला भराव मात्र वाहनांच्या भाराने वर्षानुवर्षे दबत जातो. परिणाम असा, की मोरी होती तेथेच राहते, रस्ता तिच्या अलीकडे-पलीकडे खाली बसतो, आणि सपाट म्हणून बांधलेल्या रस्त्याला मोरीपाशी उंटाचे वशिंड येते. जगभरचे इंजिनिअर या दुखण्याला ओळखतात. डांबराचा नवा थर पडला की ते वर्ष-दोन वर्षे झाकले जाते, एवढेच.

आता त्या वशिंडावर घडते काय? बस वर चढते, माथ्यावर येते, आणि रस्ता पुढे खाली वळतो. बसही त्याच्यामागे खाली वळू पाहते. पण आत बसलेल्या आपल्या देहाला खाली वळवणारे पृथ्वीच्या ओढीखेरीज दुसरे काही नसते. बाक त्या ओढीपेक्षा त्वरेने खाली गेले, तर आपण मागे, म्हणजे वर, राहतो. वजन म्हणून आपल्याला जे जाणवते ते खरे पाहता बाकाचे खालून ढकलणे असते. ते ढकलणे थांबले की साठ किलोचा माणूस आणि त्याच्या खिशातला रुपया, दोघे सारखेच बिनवजनी.

हिशेब सोपा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला सुमारे २८ मीटर त्रिज्येची कमान मिळाली, की माथ्यावर वजन शून्य होते. वेग ८० केला तर ५० मीटर त्रिज्येची, म्हणजे दिसायला पुष्कळच सपाट वाटणारी कमानही तेच काम करते. ज्या मोरीवर पहाटेच्या रेंगाळत्या बसमध्ये काहीच होत नाही, तीच मोरी रात्रीच्या भरधाव गाडीत झोपलेल्यांना उठवते, त्याचे कारण हेच. गाडीच्या स्प्रिंगा या हिशेबात थोडी ढवळाढवळ करतात. पण मूळ चीज बदलत नाही.

१९०७ साली बर्न शहरातल्या पेटंट कचेरीत खुर्चीवर बसल्या बसल्या आइन्स्टाइनच्या मनात आले, की एखादा माणूस वरून पडत असेल तर पडतेवेळी त्याला स्वतःचे वजन जाणवणार नाही. पुढे त्याने या विचाराला आपल्या आयुष्यातला सर्वांत सुखद विचार म्हटले; गुरुत्वाकर्षणाचा त्याचा सारा सिद्धांत त्या खुर्चीपासून सुरू होतो. आइन्स्टाइन व्हायोलिन वाजवीत असे. तेव्हा त्याला तालातली खाली समजावून सांगणारा कोणी भेटला असता तर त्याने मान हलवली असती, असे माझे आपले मत आहे.

अंतराळवीरांचेही याहून निराळे नाही. आकाशात चारशे किलोमीटर उंचीवर पृथ्वीची ओढ संपते असा आपल्याकडे समज आहे. तो बरोबर नव्हे. तेथेही ती जमिनीवरच्या सुमारे नऊ-दशांश असतेच. राकेश शर्मा १९८४ साली सॅल्यूत स्थानकात तरंगले, शुभांशु शुक्ला २०२५ च्या जून-जुलैत आंतरराष्ट्रीय स्थानकात १८ दिवस तरंगले, ते स्थानक आणि ते स्वतः दोघे एकाच वेगाने पृथ्वीभोवती पडत होते म्हणून. या पडण्याला तळ नाही, एवढाच त्यांच्यात आणि शेवटच्या बाकावरच्या पोरांत फरक. अंतराळवीरांच्या तालमीसाठी विमान कमानीसारखे वर नेऊन खाली सोडतात, तेव्हा एका कमानीत वीस ते पंचवीस सेकंद मिळतात. आमच्या मोरीवर किती मिळतात ते पुढे येईल.

बुऱ्हाणपुरातच याचा एक सौम्य आणि सुरक्षित नमुना आहे. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, शहराला पाणी देण्यासाठी जमिनीखालून बोगद्याने जोडलेल्या विहिरींची जी रांग खोदली गेली ती कुंडी भंडारा. सुमारे ८० फूट खाली उतरून ते पाणी पाहता यावे म्हणून तेथे लिफ्ट बसवण्यात आली. लिफ्ट खाली सुटते त्या पहिल्या क्षणी आपण किंचित हलके होतो. साधारण लिफ्टमध्ये हा फरक फार तर दहाव्या हिश्श्याचा, म्हणजे साठ किलोचा माणूस चौपन्नाचा. तळाशी थांबताना तेवढेच जड. एवढ्याशा फरकानेही बायका एकमेकींचे हात धरतात, आणि पुरुष छताकडे पाहतात.

इतका बारीक फरक आपल्याला कळतो कसा? येथे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी कान द्यावा, कारण गोष्ट कानाचीच आहे. आतल्या कानात शंखाच्या आकाराची नळी असते. तीत स्वर ओळखला जातो. तिला लागूनच दोन इवल्या पिशव्या आहेत. त्यांत एका चिकट थरावर चुन्याचे सूक्ष्म खडे पसरलेले असतात. पदार्थ तोच, ज्याचा खडू होतो. खड्यांखाली केसांसारख्या नाजूक पेशी. आपण कललो, पुढे गेलो, वर उचललो गेलो वा खाली पडलो, की खडे मागे रेंगाळतात, केस वाकतात आणि मेंदूला वर्दी जाते. म्हणजे षड्ज ओळखणारे आणि वजन ओळखणारे इंद्रिय एकाच हाडाच्या कोनाड्यात शेजारी शेजारी राहते. हिंदुस्थानी माणूस लयीत मान हलवतो तेव्हा हे दोन्ही शेजारी एकदमच जागे होत असणार. पोटातल्या गुदगुल्या मात्र पोटाच्याच: आतडी आणि जठर पडद्यांना लोंबकळत असतात, तो ताण एकाएकी सैल पडतो.

आता मात्रांचा हिशेब. तीनतालाच्या ठेक्यात दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत डग्ग्याचा घुमारा बंद असतो. चौदाव्या मात्रेला ‘धिं’ म्हणून तो परत येतो. ताल चालूच असतो, पण त्याच्या पायाखालची जमीन काढून घेतलेली असते. श्रोत्याला कारण कळो न कळो, देह ते हलकेपण ओळखतो आणि समेची वाट पाहू लागतो. बसमधली खाली फार आखूड. मिनिटाला दोनशे मात्रा अशा द्रुत लयीत एक मात्रा ०.३ सेकंदाची होते. आसनावरून सुटून परत आसनावर येईपर्यंत एवढीच एक मात्रा गेली, तर माणूस सुमारे ११ सेंटिमीटर, म्हणजे अर्धी वीत वर जाऊन आलेला असतो. दोन मात्रा गेल्या तर? गवयाला वाटेल, दुगुन, म्हणजे वीतभर. तसे नाही. वेळ दुप्पट तर उंची चौगुन: ४४ सेंटिमीटर, म्हणजे चांगल्या दोन विती, सामानाच्या फळीखाली बसणाऱ्याचे डोके कोठे लागेल ते सांगायला नको. सुदैवाने बहुतेक मोऱ्या एका मात्रेच्या आतच आटपतात. पण ती एक मात्रा मनात मोठी भासते, आणि मुले तिच्यासाठी शेवटचे बाक अडवतात.

जुन्या प्रवासात हे सुख वा दुःख नव्हते. आपल्या पणज्या दमणीतून माहेरी आल्या, टांग्यातून स्टेशनावर गेल्या. त्यांना दणके पुष्कळ बसले, पण अधांतर कधी मिळाले नसावे. बैलाच्या चालीला, ताशी चार किलोमीटरांना, वजन शून्य व्हायचे तर चाकाखालची कमान वीतभरापेक्षाही लहान त्रिज्येची हवी. तो खड्डा-धोंडा झाला, कमान नव्हे. दणका म्हणजे खालून बसलेला गुद्दा. अधांतर म्हणजे खालचा आधार काढून घेणे. दोन्ही एकापाठोपाठ येतात म्हणून आपण त्यांना एकच समजतो.

अपवाद घोडेस्वारांचा. घोडा चौखूर उधळतो तेव्हा त्याच्या प्रत्येक उडीत एक क्षण चारी पाय जमिनीपासून सुटलेले असतात. चित्रकारांत यावर पुष्कळ वाद होता, तो अमेरिकेत मायब्रिजने १८७८ साली ओळीने कॅमेरे मांडून घेतलेल्या छायाचित्रांनी मिटवला. १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर बुऱ्हाणपूर आणि असीरगड मराठ्यांकडे आले. त्या काळी असीरगडच्या खिंडीतून दौडणाऱ्या आपल्या स्वारांना ते छायाचित्रांवाचून ठाऊक असणार. मात्र त्यांच्या पायांत रिकीब होती आणि गुडघ्यांत घोड्याची पाठ. ते घोड्यासह अधांतरी होत. घोडा त्यांना वर टाकून खाली जात नसे.

घरात बसून हे सुख देणारी वस्तू म्हणजे झोपाळा. वाड्याच्या ओसरीवरचा पितळी कड्यांचा झोपाळा मंद, जेवणानंतरचा. त्यात हलकेपणा नावालाच. पण नागपंचमीला झाडाला बांधलेला झोका उभे राहून उंच चढवला, तर टोकाला पोचल्यावर वजन उतरते. दोर उभ्या रेषेपासून साठ अंश गेला तर टोकाशी वजन निम्मे भासते. पार आडवा झाला तर शून्य. तळातून जाताना उलट, ते वाढते. उतार-चढाव, हलके-जड, पुन्हा हलके. हिंदोल रागाचे नावच झोक्यावरून पडले आहे. आणि त्यात रिषभ व पंचम वर्ज्य, म्हणजे विसावायची हक्काची पायरीच काढून टाकलेली. जुन्यांनी नाव उगाच ठेवले नाही, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. मुलांपैकी ज्यांनी झोका चढवलेला असतो त्यांना ते चटकन कळते.

आगगाडी या बाबतीत अगदी निरस. बुऱ्हाणपूर भुसावळ-खंडवा मार्गावर आहे. त्या मार्गाने आयुष्यभर प्रवास करणाऱ्यालाही रुळांवर कधी अधांतरी झाल्याचे आठवणार नाही. रुळांचा चढ जेथे उतारात बदलतो तेथे हजारो मीटर त्रिज्येची कमान ठेवतात. ती चार हजार मीटरांची धरली, तर ताशी ११० किलोमीटरांनाही वजन चाळिसाव्या हिश्श्याने जेमतेम घटते. कानातल्या खड्यांना त्याची दखल घ्यावीशी वाटत नाही.

गंमत अशी, की रोलर कोस्टर जन्मली ती मात्र रुळांवरच, आणि तीही मालगाडीच्या पोटी. रशियात बर्फाच्या उतरणींवरून घसरण्याचा खेळ अठराव्या शतकात होता. पण रुळांवरच्या गाडीचे एक मोठे मूळ अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या मॉक चंक येथे सापडते. तेथे १८२७ साली खाणीतला कोळसा डोंगरावरून खाली आणण्यासाठी उताराचा रूळमार्ग घातला. डबे आपल्या भाराने खाली येत, आणि रिकामे डबे वर ओढण्यासाठी लागणारी खेचरेही त्याच गाडीत बसून खाली येत. एकदा बसायची चटक लागल्यावर ती खेचरे पायी उतरायला तयार होईनात, असे सांगतात. पुढे १८७० नंतरच्या काळात कोळसा दुसऱ्या वाटेने जाऊ लागला आणि हा मार्ग हौशी प्रवाशांसाठी राहिला. १८८४ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर थॉम्प्सनने पाच सेंट तिकिटाची तसलीच गाडी केवळ करमणुकीसाठी उभारली. पण माणसांना खरोखर आसनावरून उचलायचे तर गाडीच रुळांवरून उचलली जाण्याचे भय. म्हणून जॉन मिलरने १९१९ साली रुळांखालून धरणाऱ्या जादा चाकांचे पेटंट घेतले. आसनातल्या माणसाच्या मांडीवर दांडी आली, खांद्यावर पट्टे आले. खोपोलीजवळ इमॅजिकात २०१३ पासून जी मोठी गाडी आहे, तिच्यातही माणसाला आधी असे जखडतात आणि मगच उलटेपालटे करतात. तेथेही जाणकार शेवटची रांग मागतात, कारण पुढचे डबे उतरणीला लागून वेग घेत असताना मागचा डबा माथ्यावरून ओढला जातो.

म्हणजे पैसे देऊन जो उडतो त्याला कोणीतरी धरून ठेवलेले असते. फुकट उडणाऱ्याला कोणी धरत नाही.

हे मला पुस्तकातून कळले नाही. तीन वर्षांपूर्वी लग्नसराईत माझी मावशी, वय एकाहत्तर, बुऱ्हाणपूरच्या एका लग्नाला निघाली. गाडी खचाखच, जागा मिळाली ती शेवटच्या बाकावर. खंडव्यापुढे एका गावाबाहेर गतिरोधक होता. पुढची चाके त्यावरून हळू गेली. मग ड्रायव्हरने वेग दिला आणि मागची चाके त्याच गतिरोधकावरून धाडकन गेली. मावशी उडाली, आणि ती खाली येत असताना बाक तिच्या भेटीला वर येत होते. लग्नघरी तिला दोघांनी धरून उतरवले. कमरेचा पहिला मणका दबून पाचरीसारखा झाला होता. पट्टा बांधून दोन महिने पडून राहावे लागले. भेटायला गेलो तेव्हा म्हणाली, “अरे, वर गेले ना, तेव्हा क्षणभर लहानपणीच्या झोक्यासारखं वाटलं बघ. हसायलासुद्धा आलं होतं.” त्या वाक्यापासून मी या विषयाच्या मागे लागलो.

असे प्रसंग तिच्या एकटीच्या वाट्याला आलेले नाहीत. तुर्कस्तानातल्या आणि चिलीतल्या डॉक्टरांनी बसच्या मागच्या बाजूला बसलेल्या, गतिरोधकावर उडून मणका मोडलेल्या प्रवाशांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत छापल्या आहेत. मणका मोडतो तो बहुधा पाठीचा शेवटचा किंवा कमरेचा पहिला. जेथे बरगड्यांनी बांधलेला ताठ भाग संपतो आणि लवचिक भाग सुरू होतो तेथे. पन्नाशीपुढच्या बायकांची हाडे ठिसूळ झालेली असतात, आणि ती तशी झाल्याचे मोडेपर्यंत कळत नाही. अर्ध्या वितीवरून पडणे म्हणजे काय मोठेसे, असे वाटते. पण पडणाऱ्या देहाला वर येणाऱ्या बाकाचा वेग मिळतो, आणि झिजलेल्या गादीखालची फळी तो सारा मणक्यांच्या स्वाधीन करते.

शेवटचेच बाक का, याचाही हिशेब आहे. बसच्या मागच्या चाकांच्याही मागे दोन-अडीच मीटर सांगाडा लोंबता असतो. मागची चाके दहा सेंटिमीटर चढली तर दोन्ही चाकांच्या मधोमध बसलेला प्रवासी पाचच सेंटिमीटर उचलला जातो. शेवटच्या बाकावरचा चौदा-पंधरा. तरफेचे हे काम आहे. शिवाय ड्रायव्हर बसतो पुढे. त्याचा स्वतःचा दणका सोसून झाला की त्याच्या लेखी गतिरोधक संपला. मागच्यांचा अजून यायचा असतो. गाडी हाकणारे सारे वाईट असतात असे मी म्हणत नाही, पण ज्याला दणका बसत नाही त्याचा पाय हलका राहत नाही.

गतिरोधकाची कथाही ऐकण्यासारखी आहे. भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक १९२७ साली मिळवणारे आर्थर कॉम्प्टन सेंट लुईच्या विद्यापीठाचे कुलगुरू होते; आवारातून गाड्या फार वेगाने जातात हे पाहून त्यांनी १९५३ साली रस्त्यावर घालण्याच्या उंचवट्याचा आराखडा केला. इंग्लंडच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत वॉट्स यांनी १९७३ साली प्रयोग करून त्याला नेमके माप दिले: वर्तुळाच्या कमानीचा, १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक सूचनांत हेच माप आहे. त्रिज्या १७ मीटर, आणि ओलांडण्याचा वेग ताशी २५ किलोमीटर. या वेगाला माथ्यावर वजन तिसऱ्या हिश्श्याहून थोडे कमी घटते: इशारा मिळतो, इजा होत नाही. त्याच कमानीवर ताशी ४६ किलोमीटरांना वजन शून्य. म्हणजे मापाचा गतिरोधक आणि अधांतर यांच्यामध्ये एकवीस किलोमीटरांचे अंतर राखलेले आहे. ज्याने हे माप काढले त्याला प्रमाण कळत होते.

आपल्या गावांबाहेर मात्र मापाचा गतिरोधक शोधावा लागतो. एखादा अपघात होतो, गावकरी संतापतात, आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावर हातभर रुंदीचा डांबराचा वा मुरुमाचा वरवंटा आडवा पडलेला असतो. त्याला पांढरे पट्टे नाहीत, आधी पाटी नाही. त्यांचे मूल गेलेले असते. त्यांना १७ मीटरांची त्रिज्या कोण सांगणार? पण त्या वरवंट्यावर सावकाश जाणाऱ्या गाडीतही दणका बसतो आणि वेगाने जाणाऱ्या गाडीत मणका मोडतो. ताशी २५ ला त्रास न देणारा आणि ४६ ला चांगलाच झोंबणारा उंचवटा करता येतो, त्याला लागणारे डांबर थोडे जास्त, एवढेच. गेल्या काही वर्षांत इंदूर-एदलाबाद रस्ता चौपदरी करण्याचे काम सुरू झाले. नव्या भागांत मोऱ्यांची वशिंडे उरत नाहीत. पण अशा रस्त्यांवर वेग वाढतो, आणि वेग वाढला की गावाबाहेरचे वरवंटेही वाढतात, हे इतर ठिकाणी पाहिले आहे.

तोवर आपल्या हातात आहे ते जागा निवडणे. म्हाताऱ्या माणसांनी, गरोदर बायकांनी, कमरेच्या दुखणेकऱ्यांनी दोन्ही चाकांच्या मधली जागा मागून घ्यावी. संकोच करू नये. मागेच बसावे लागले तर पाय जमिनीला टेकवून पुढच्या बाकाची दांडी धरावी आणि डुलकी घेऊ नये, कारण सावध देह पायांवर थोडा भार घेतो. आणि बुऱ्हाणपूरची माव्याची जिलबी खाऊन लगेच शेवटच्या बाकावर बसण्याचे धाडस तरुणांनीही करू नये. त्याचे साक्षीदार पुष्कळ आहेत. तपशील देत नाही.

आमच्या घरात मधल्या जागेचा नियम मणक्यांच्या आधीपासून होता, तो तंबोऱ्यासाठी. तंबोऱ्याचा भोपळा वाळला की कठीण लागतो. पण एका दणक्यात त्याला तडा जातो, आणि चिकटवलेल्या भोपळ्यातून पूर्वीचा घुमारा येतोच असे नाही. वडील बैठकीला निघताना तारा उतरवीत, घोडीखाली फडके घालीत, आणि मोटारीत बरोबर मधली खिडकी तंबोऱ्यासाठी राखीत, त्याचे निराळे तिकीट काढून. मीही तसेच करतो. कंडक्टर प्रवाशाचे नाव विचारतो, मी ‘मिरजकर’ सांगतो. वाद्य मिरजेचे आहे, तेव्हा खोटे बोललो असे होत नाही.

मावशी हिंडूफिरू लागल्यापासून बुऱ्हाणपूरला जाते ती त्या खिडकीशेजारच्या जागेवर, एक हात तंबोऱ्याच्या गळ्याभोवती टाकून. मी मागे बसतो, जेथे मिळेल तेथे. मोरी आली की ती मान वळवून पाहते, मी उडालो की नाही ते.